मास्टरबाईंचं कोपर

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या दुकानात कापडाला कात्री लावायचा मान एकाच माणसाचा होता, आणि ते माणूस म्हणजे गोल चष्म्याची, बुटकी, तोंडाने फटकळ अशी एक बाई. सगळे त्यांना मास्टरबाई म्हणत. मालकसुद्धा. थरावर थर पसरून खडूने आखलेल्या कापडावर त्यांची मोठी कात्री चालू लागली की शेजारच्या मशीनवाल्या बायकाही पाय थांबवून बघत. विजारीचा पाय असो की कोटाची बाही, मास्टरबाईंचा हात कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या हाताचं कोपर दुखायला लागलं. कात्री मिटताना बाहेरच्या बाजूने एक कळ निघायची आणि मनगटापर्यंत जायची. आधी त्यांनी तिकडे काणाडोळा केला. मग दाराची मूठ फिरवताना कळ येऊ लागली, मग बरणीचं झाकण उघडताना, आणि एक दिवस तर चहाचा भरलेला कप हातातून निसटून फरशीवर फुटला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या जाऊबाई आवाज ऐकून खाली आल्या त्या तेलाची बाटली घेऊनच. त्यांनी इतका जोर लावून चोळलं की मास्टरबाईंना दुखणं बरं पण जाऊबाई आवरा असं झालं.

नेहमीच्या डॉक्टरांनी ‘टेनिस एल्बो’ असं नाव सांगितलं. मास्टरबाईंचे यजमान शहर बससेवेत ड्रायव्हर. आपल्या बायकोला खेळाडूंचा आजार झालाय, हे त्यांनी डेपोत छाती फुगवून सांगितलं. पट्टा झाला, गोळ्या झाल्या. मग कोपरात इंजेक्शन दिलं आणि दुखणं जादूसारखं गायब झालं. मास्टरबाईंनी आनंदाच्या भरात साठलेल्या सगळ्या कामाचा फडशा पाडला. दुखणं थोड्याच दिवसांत व्याजासकट परत आलं. आता हाताला पूर्ण विश्रांती द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि हात झटकले.

विश्रांती म्हणजे काउंटर. मुलांची मापं घ्यायची, पावत्या द्यायच्या. टेबलावर दुसऱ्या दुकानातला एक उंच कटर तात्पुरता आला. तो वाईट कापत असता तर मास्टरबाईंना जरा तरी बरं वाटलं असतं. पण तो बऱ्यापैकी कापत होता, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं. मालक भला माणूस, पण त्यालाही धंदा होता. एक दिवस तो खाली बघत म्हणाला, “मास्टरबाई, शाळा उघडायच्या आत काय ते सांगा. तुम्हाला जमणार नसेल तर मला याला कायम करावं लागेल. तुम्ही काउंटरला आहातच की.”

काउंटरला आहातच. त्या रात्री त्यांना घास गेला नाही.

त्यांच्या यजमानांनी मात्र वेगळाच उद्योग आरंभला. त्यांची बस मोठ्या हॉस्पिटलवरून जायची. तिथे हाताला पट्टी बांधलेला कुणी चढला की हे विचारायचे, “काय झालं? कोणाला दाखवलं? उतार पडला का?” महिनाभरात अर्ध्या शहराला मास्टरबाईंचं दुखणं पाठ झालं.

“अहो, माझं कोपर गावभर केलंत!” त्या कडाडल्या.

“केलं. आणि डॉक्टर सापडली,” ते शांतपणे म्हणाले. “एक प्लंबर भेटला. त्याला पान्हा धरता येत नव्हता, आता बघ, माझ्यासमोर त्याच हाताने दांडा धरून उभा होता. ती फक्त हात आणि कोपरं बघते म्हणे.”

मास्टरबाई यजमानांना घेऊन त्या डॉक्टरकडे गेल्या. ऑपरेशन सांगणार याची त्यांना खात्रीच होती. निघताना जाऊबाईंना कपाटाच्या किल्ल्यासुद्धा देऊन ठेवल्या होत्या. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची, बाह्या दुमडलेली. तिने कोपरावर नेमकं तिथेच बोट दाबलं आणि मास्टरबाई ओरडल्या. मग मनगट वर धरायला लावून ती खाली दाबत राहिली, सोनोग्राफी केली, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी शिणलीय, तुटलेली नाही,” ती म्हणाली. “ऑपरेशन नको. इंजेक्शनही आता नको.”

मास्टरबाईंचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. “आणि कात्री?”

“कात्री धरायचीच आहे, पण हळूहळू. इतके दिवस जपून जपून हात कमजोर झालाय. रोज थोडं वजन घेऊन व्यायाम करायचा. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, सकाळपर्यंत निवळलं म्हणजे झालं. आता मला कापून दाखवा.”

तिने तपासायच्या खाटेवर एक चादर पसरली. खाट वरखाली होणारी होती. “तुमचं टेबल इतकंच उंच आहे?”

“छे. अजून वर.”

डॉक्टर खाट वर घेत गेली. मास्टरबाई “अजून, अजून” म्हणत राहिल्या. “बास” म्हणाल्या तेव्हा चादर त्यांच्या छातीशी आली होती. त्यांनी हाताने कात्री चालवल्यासारखं केलं. कोपर खांद्याच्या रेषेत बाहेर आलं, मनगट उलटं दुमडलं.

“हे टेबल कुणाच्या मापाचं?” डॉक्टरने विचारलं.

“आधीच्या मास्तरांच्या. ते ताडमाड होते.”

कोपऱ्यात बसलेले यजमान हसू दाबू शकले नाहीत. “सगळ्या गावाची मापं घेते, आणि स्वतः इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापात!”

“तुम्ही गप्प बसा.”

“टेबलाचे पाय कापता येतील?” डॉक्टर म्हणाली.

“त्याला पाय नाहीत. सिमेंटचा ओटा आहे, वर फळी.”

“मग पायाखाली काहीतरी घ्या.”

मास्टरबाई चादरीच्या सुरकुत्या सारख्या करू लागल्या. मग त्यांनी सांगितलं. कटर म्हणून त्यांचा पहिला दिवस होता. दुकानातल्या पुरुषांनी गंमत म्हणून ओट्यापाशी बटणांचा रिकामा खोका ठेवला होता. बाई मास्टर आलीय, तिला दिसायला तर हवं, असं म्हणून हसले होते. त्यांनी तो खोका लाथेने दूर उडवला होता आणि टाचा वर करून दिवसभर कापलं होतं. तेव्हापासून पायाखाली काही घेणं म्हणजे हार, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. यजमानांना यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

“लाथ मारलीत ते बरंच केलंत,” डॉक्टर म्हणाली. “ते लोक आता कुठे आहेत?”

“कधीच सोडून गेले.”

“मग अजून कोणाला दाखवताय?”

मास्टरबाईंना राग आला. घरी येईपर्यंत टिकला. पण व्यायाम त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केला. जेवणाच्या टेबलावर हात ठेवून पाण्याची बाटली मनगटाने सावकाश खाली सोडायची. सुरुवातीला काहीच फरक पडेना, तेव्हा त्यांनी डॉक्टरला आणि प्लंबरला सारखंच धुतलं. बाटलीच्या जागी मोठी बाटली आली. आणि एका सकाळी त्यांनी बरणीचं झाकण उघडलं, आणि उघडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या झाकण हातात धरून उभ्याच राहिल्या. मग इतक्या मोठ्याने “अहो!” म्हणून हाक मारली की यजमान दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आले.

शाळा उघडायला थोडे आठवडे उरले होते. यजमानांनी फळ्या ठोकून एक बुटका, लांब मंच केला. मास्टरबाई तो दुकानात घेऊन आल्या. सगळी मशीनं थांबली. त्यांनी तो ओट्याला लावला, एकदा पायाने हलवून पाहिला आणि वर चढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कापड त्यांच्या कमरेशी आलं.

काज करणारी बाई म्हणाली, “मास्टरबाई, आता वरून आम्ही सगळ्या दिसत असू.”

“दिसताय. तुझं तिसरं काज तिरकं आहे.”

दुकानभर हशा पिकला. त्यात त्याही होत्या.

त्यांनी कात्री घेतली. निळ्या कापडाचे मोजकेच थर होते, डॉक्टरने तेवढेच सांगितले होते. खालचं पातं फळीवर टेकलं, कोपर अंगाशी राहिलं, आणि खडूच्या रेघेवरून कात्री निघाली ती खिशाच्या वळणावरून थेट टोकापर्यंत. तुकडा सुटून बाजूला पडला. मास्टरबाई वाट बघत राहिल्या. कळ येईल, मनगटापर्यंत जाईल. कोपर जरासं ठणकलं आणि गप्प झालं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मालक घाबरून पुढे आला. “दुखलं का? मास्टरबाई, राहू द्या. थांबा.”

“थोडं दुखलं,” त्या रडत रडतच म्हणाल्या. “थोडंच! थांबताय काय, पुढचं कापड पसरा.”