हिवराला लावलेलं सलाईन

आमच्या शास्त्रात माणूस चुकतो तेव्हा ती चूक आलेखासकट छापून येते. माझी तशीच आली. वर टाळ्याही मिळाल्या. चहा गार होईल, घ्या, मी सांगते.

मी कोरड्या मुलखातली झाडं आणि पाणी यांचा अभ्यास करते. बावीस वर्षं झाली. म्हणजे नक्की काय करते? तर जिथे माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे झाड कुठून पितं ते मोजते. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीतले लोक मात्र मला कुंडीतला गुलाब का सुकला एवढंच विचारतात.

पुण्यापासून तीन तासांवर एका माळावर आमचं एक हिवराचं झाड होतं. खोडाला वायरी, बारीक नळ्या, चंदेरी कागद, मुळांपाशी ओल मोजणारी यंत्रं, शेजारी बॅटरीची पेटी. ही सगळी जुळणी शब्बीरभाईंची. ते खडकीचे, आमच्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळतात आणि मोजकं बोलतात. माळाच्या कडेला सोनाबाई राहायच्या, दोन शेळ्या घेऊन, एकट्याच. झाडावर त्यांचं लक्ष असायचं. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात सगळा माळ करपला. गावात टँकर सुरू झाले. आमचं झाड मात्र हिरवंगार! आणि आलेखात रोज पहाटे एक उंचवटा, मुळांपाशी ओल वाढलेली. पाऊस नाही, दव नाही. मग पाणी आलं कुठून?

काही झाडं खोल मुळांनी जमिनीच्या पोटातलं पाणी वर ओढतात आणि वरच्या कोरड्या मातीत सोडतात. माझ्या माहितीत हिवराबद्दल हे कुणी दाखवलं नव्हतं. ते मी दाखवणार होते. मला दोन दिवस धड जेवण गेलं नाही.

शब्बीरभाईंनी एकदाच विचारलं, मधूनच दोन-तीन दिवस रेष सपाट का होते? मी म्हटलं, झाड विश्रांती घेतं. ते म्हणाले, "बरं."

पुण्यातल्या 'बरं'चा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. मी त्या विश्रांतीवरही माझ्या शोधनिबंधात एक परिच्छेद लिहिला.

निबंध छापून आला. भाषणं झाली. एका भाषणात तर मी म्हणाले, दुष्काळ कसा सोसावा हे या झाडाकडून शिकावं. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मग एक दिवस सोनाबाईंच्या लेकीचा फोन आला. ती विश्रांतवाडीला राहते, शिवणकाम करते. आईला पुण्यात आणलंय, दवाखान्यात ठेवलंय, म्हणाली. मी तशीच गेले. मावशी खाटेवर एवढ्याशा दिसत होत्या. मुतखडे झालेले, एक मूत्रपिंड जवळजवळ गेलेलं. डॉक्टर म्हणाले, गेले दोन-तीन उन्हाळे पाणी फार कमी प्यायल्यात.

मी, पाण्याची शास्त्रज्ञ, लगेच रागावले. म्हटलं, मावशी, असं कसं केलंत? टँकर येत होता ना?

लेक म्हणाली, "विचारा तिलाच, तिच्या वाटणीची कळशी कुठं जात होती."

मावशी माझ्याकडे बघून ओशाळल्यासारख्या हसल्या. "तुमच्या झाडाला घालत व्हते. पहाटंला, कुनी बघायच्या आत."

"का पण?"

"आजारी व्हतं न्हवं ते? तुमी पुण्यास्नं एवढ्या लांब त्याला बघाया येत व्हता. वायरी लावल्या, सलाईन लावलं. मेलं असतं तर तुमाला काय वाटलं असतं?"

मला बसायला स्टूल सापडेना. टँकर यायचा नाही ते दिवस म्हणजे माझ्या झाडाची विश्रांती. तीन वर्षं मी त्या झाडाच्या मुळांना प्रश्न विचारत होते आणि दर खेपेला या बाईच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. तो चहाही त्याच पाण्याचा.

निबंध मी पुढे मागे घेतला. ते पत्र लिहायला सोपं गेलं. त्या दिवशी मावशींकडे बघणं अवघड होतं.

माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, उन्हातनं आलाय, पाणी घ्या. उशाशी जग होता. नाही म्हणायचीही ताकद नव्हती. एक पेला प्यायले, दुसरा प्यायले, जग संपला.

तेवढ्यात नर्स आली. मावशींच्या खाटेला एक तक्ता अडकवला होता. किती पाणी प्यायल्या ते त्यात लिहायचं. रिकामा जग बघून ती खूश झाली. "सगळं संपवलं आजी? छान."

"व्हय, म्याच प्याले," मावशी शांतपणे म्हणाल्या.

नर्सनं पेन काढलं आणि आकडा लिहिला. ती तो लिहीत असताना मी बघत होते.

"सिस्टर," मी म्हणाले, "ते खोडा. पाणी मी प्यायले."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आकड्यावर काट मारली, जग उचलला आणि जाता जाता म्हणाली, "शिकलेल्या दिसताय."