दुसरा वार

दाजी गेल्याची खबर आली तेव्हा मी अदालतीत उभा होतो. उलटतपासणी अर्धी टाकून किला गेट मोहल्ल्यात ताईच्या घरी धावलो. दाजी म्हणजे ताईचे यजमान, उमेदीची वर्षं शिलेदारीत घालवलेला माणूस. त्यांना असं मुकाट निजलेलं पाहवेना. या माणसावर मी बारा वर्षं चिडून होतो, हे आज सांगून टाकतो.

बारा वर्षांपूर्वीची खंडेनवमीची दुपार होती. इथं हिंदी मुलखातही आमच्या मराठा घरांत आदल्या दिवशी हत्यारं घासूनपुसून, धार लावून ठेवतात आणि नवमीला पाटावर मांडून पुजतात. दाजी परसात फुलं तोडत होते. ताई एकटी पाहून एक अनोळखी माणूस लाठी घेऊन आत शिरला आणि तिच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेला त्यानं हात घातला. तिची किंकाळी ऐकून दाजी धावले. लाठी त्यांच्या डोक्यावर उगारली गेली, तशी त्यांनी पाटावरची तलवार उचलली. पहिल्या वारासरशी लाठी पडली. माणूस दाराकडे पळाला... दुसरा वार त्याच्या पोटरीवर बसला. तो जगला, पण जन्माचा लंगडा झाला.

दाजींच्या बाजूनं खटला मीच लढवला. नवा वकील, अंगात मस्ती! सरकारी वकील परमुलखातले, आमची रीत न जाणणारे. म्हणाले, "तलवार पर ताज़ी धार क्यों? तैयारी पहले से थी।" मी शहरातल्या लष्कर भागातल्या तीन मराठा घरांतल्या तलवारी अदालतीत मांडल्या, सगळ्यांना त्याच नवमीची धार. तो मुद्दा तिथंच गार झाला. उरला दुसरा वार. धोका आहे तोवरच हत्यार चालवायचा हक्क. तो टळला की हक्कही संपला. म्हणून मी दाजींना पढवलं होतं, "लाठी पडलेली दिसलीच नाही, एवढंच म्हणा." ताईनं तर त्यांचे पाय धरले होते.

न्यायाधीशांनी विचारलं, "लाठी गिरने के बाद?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ते न्यायाधीशांकडे वळले.

"हुज़ूर, पहला वार डर से मारा। दूसरा ग़ुस्से से। वो तो भाग रहा था।"

दोन वर्षांची कैद झाली. शिपाई त्यांना नेत असताना मी खवळून म्हणालो, "एका वाक्यापायी घर बुडवलंत!"

"वकीलसाब, पहिला वार तू सोडवलास," ते म्हणाले. "दुसरा माझा होता रे."

सुटून आल्यावर तलवार परत मिळाली. तेव्हापासून दर नवमीला ती पाटावर यायची, पण म्यानातच. दाजी मुठीला कुंकू लावायचे आणि हात जोडायचे. धार कधी लावली नाही. मला तो हटवादीपणा वाटायचा.

यंदा घरात सण नाही. तरी नवमीला ताईनं तलवार खाली काढली. "नाना, बघ जरा, गंजली असेल."

मी मूठ धरून ओढली. पातं म्यानात घट्ट बसलं होतं, हललं नाही. पाय रोवून पुन्हा जोर लावणार, तोच ताईनं माझं मनगट धरलं.

"एकदा ओढलीस ना? बास झालं."

मी मूठ सोडली. बोटांना जुनं कुंकू लागलं होतं.