दुकान वाढवलं

अप्पांच्या दुखवट्याला आलेल्या टॉवेल-टोप्यांची थप्पी आईनं कोनाड्यात रचून ठेवली होती. आमच्याकडं माणूस गेलं की सोयरेधायरे घरच्यांसाठी कापड घेऊन येतात. बायांना साडी, पुरुषांना टॉवेल-टोपी. अप्पांना मुलगा नाही, मी एकटीच. त्यामुळं सगळ्या टोप्या माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर चढल्या. एक उतरवेपर्यंत दुसरी तयार. एवढ्या दुःखातही मला त्याच्याकडं बघून हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

थप्पीतला एक टॉवेल मी उचलला आणि उलटा करून किनार बघितली. कापड दुकानदाराच्या पोरीची खोड, जाणार नाही. टॉवेल आमच्या दुकानातला नव्हता. कसा असणार? दुकान होतंच कुठं? घाटनांदूरहून आलेल्या आत्याबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कुणाच्या बी मयतीला तुमच्याच दुकानातनं टावेल-टोपी न्हेत होतो बाई. तुमच्यासाठी मात्र दुसऱ्याची पायरी चढावी लागली." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या डब्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडले. अर्ध्या तालुक्याच्या दुखवट्याला अप्पांनी कापड पुरवलं होतं.

आमचं केजमधलं कापडाचं दुकान गेलं ते एका शब्दापायी. 'ध'चा 'मा' झाला असता तरी मी मनाची समजूत घातली असती. इथं अक्षरसुद्धा बदललं नव्हतं.

दुकानदाराच्या घरात 'बंद' हा शब्द चालत नाही. संध्याकाळी शटर ओढलं तरी दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नको त्या गोष्टीचं नाव तोंडातून निघू नये, म्हणून तिलाच चांगल्या शब्दाची टोपी घालायची. लहानपणी मी एकदा "अप्पा, दुकान बंद करा ना, भूक लागली" म्हणाले, तर त्यांनी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला होता. मारला नाही, पण उचलला. तेव्हापासून मीही वाढवायलाच शिकले.

मी इथल्या एका खासगी शाळेत शिकवते. नवरा एसटीत कंडक्टर, सासरही गावातच. त्यामुळं शाळा सुटली की दुपारी दुकानात जाऊन गादीच्या कडेला बसायचं, ही सवय लग्नानंतरही सुटली नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं, हे काही मला कुणी सांगायला नको होतं. पोरं रेडिमेड घालतात आणि साड्या मोबाईलवर बघतात. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं जीपमधून उतरून आमच्याकडं येत, आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या चादरी-ब्लँकेटं न्यायला येत. दुकान त्यांच्यावरच टिकून होतं.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात असते. तिनं मला जोडधंदा सुचवला. टी-शर्टवर काय छापायचं ते आपण ठरवायचं आणि त्याचं चित्र ऑनलाइन दुकानात लावायचं. कुणी मागितला तरच दुसऱ्या शहरातली कंपनी तेवढा एक टी-शर्ट छापते आणि परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पाठवते. प्रिंट ऑन डिमांड म्हणतात त्याला. माल भरायचा नाही आणि उरायचाही नाही.

मी अप्पांना हे समजावून सांगितलं. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, समोर उलगडलेलं धोतराचं पान. ते घडी घालत ऐकत होते.

"माल कुठं हाय?"

"माल न्हाई अप्पा. आधी कुणीतरी मागायचा, मंग छापायचा."

"गादी?"

"गादी न्हाई."

"गिऱ्हाइकाचं तोंड तरी दिसतं का न्हाई?"

"न्हाई."

"मंग त्याला दुकान कावून म्हणायचं?"

डबा घेऊन दुकानात आलेली आई पायरीवरूनच ओरडली, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! अजून कशात काय न्हाई अन् बापलेकीचं भांडण सुरू."

खरं तर माझ्या ऑनलाइन दुकानाला नाव सोडून सगळं अप्पांनीच दिलं. अप्पांचं अर्धं बोलणं 'कावून'मध्ये व्हायचं. गिऱ्हाईक म्हणालं, अप्पा, भाव कमी करा, तर "कावून?" मी लातूरला शिकायला जाते म्हणाले, तर "कावून?" एसटीतला मुलगा पसंत आहे म्हणाले, तर "कावून?" त्यात विरोध नसायचा. त्यांना फक्त कारण हवं असायचं. ते पटलं की विषय संपला, मग स्वतःच पिशवी घेऊन पेढे आणायला निघायचे. शाळेत मी पोरांच्या वहीतलं 'कावून' लाल पेनानं खोडून 'का' लिहिते. टी-शर्टवर मात्र तेच मोठ्या अक्षरात घेतलं. 'कावून?' दुसऱ्यावर 'लई झालं', तिसऱ्यावर 'न्हाई म्हंजे न्हाई'.

नमुने मागवले. 'न्हाई'चं जोडाक्षर छपाईत तुटलं होतं, 'न' एकीकडं आणि 'हाई' दुसरीकडं. अप्पांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या न्हाईची टांग मोडली की गं माय!" मी चिडले, ते हसत बसले. पण 'कावून?' सुरेख छापून आला होता. अप्पांनी त्याची दुकानातल्या मालासारखी घडी घातली आणि मधल्या फळीवर, खणांच्या शेजारी ठेवून दिली. म्हणाले, "तुझ्या दुकानात एक तरी माल असू दे."

मग रोज दुपारी मी गेले की पहिला प्रश्न, "भवानी झाली का?" दिवसाच्या पहिल्या विक्रीला ते फार मानायचे. मी वैतागायचे. फटकळ आहेच मी. "झाली की सांगीन ना!" एक दिवस खरंच झाली. पुण्यातल्या कुणा आपल्याकडच्याच पोरानं 'कावून?' मागवला होता. अप्पांनी माझा मोबाईल दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. त्या घामानं आणि विभूतीनं स्क्रीन पांढरट झाली. मी ती लगेच पुसली नाही.

त्या पावसाळ्यात बाहेरगावी गेलेल्या आपल्या पोरांनी 'कावून?' बऱ्यापैकी मागवला. मैत्रीण म्हणू लागली, आता कप, कापडी पिशव्या, उशांची कव्हरं, सगळंच घेऊ. कापडवाल्याच्या पोरीनं कप विकायचे, हे अप्पांना पटवणं सोपं नव्हतं. एका दुपारी तिचा फोन आला. दुकानात रेंज फक्त उंबऱ्याजवळ मिळायची आणि ती मिळाली तरी ओरडावं लागायचं. अप्पा मागच्या बाजूला लाकडी घोड्यावर चढून वरच्या फळीवरचे तागे काढत होते. मी ओरडून बोलत होते ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"हो गं, दिवाळीच्या आत दुकान वाढवायचंच. ठरलं आता. अप्पांना मी सांगते सावकाश. त्यांना एकदम सांगितलं तर नाही झेपायचं."

मागं तागा पडल्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय झालं?" अप्पा म्हणाले, "काय न्हाई. हात सुटला."

एवढंच. मी परत फोनला लागले.

त्यानंतर अप्पा बदलले, आणि मला ते बदललेले दिसले, पण मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. दसऱ्याच्या आधी ते सोलापूरला माल भरायला जायचे, त्या वर्षी गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. ऊसतोडीला निघालेली एक बाई लेकरू कडेवर घेऊन चादरी मागायला आली, तर तिला म्हणाले, "औंदा आणल्या न्हाईत माय. दुसरीकडं बघ." ती पायरीवर घोटाळत उभी राहिली. दरवर्षी ती आमच्याकडूनच न्यायची. मला वाटलं, थकले अप्पा. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हलकंही वाटलं. पाहुणेरावळे मला नेहमी विचारायचे, अप्पांनंतर दुकानात कोण बसणार? त्या प्रश्नाचं उत्तर अप्पाच देत होते, असं मी धरून चालले.

एकदाच ते म्हणाले, "तुझं ठरलंय न्हवं दिवाळीचं?"

मला वाटलं, आईनं कपांचं आणि पिशव्यांचं सांगितलं असणार. मी खुशीत म्हणाले, "हो अप्पा, ठरलंय. तुमाला चालंल ना?"

"तुला चालतंय तर मला कावून न चालंल?" ते म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी गजाला हळदकुंकू वाहिलं, गादीवरची चादर नवी घातली. फळ्या अर्ध्याअधिक रिकाम्या होत्या. शेजारच्या शिंप्याला, समोरच्या चहावाल्याला हाक मारून प्रसाद दिला. मग शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "घे. वाढवलं," म्हणाले. आमच्याकडं हे वाक्य रोज संध्याकाळी ऐकू येतं. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि फराळाला घरी चला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. मग कळलं की गाळा सोडतो म्हणून मालकाला त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. महिन्याभरात तिथं मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आलं. गज तेवढा अप्पांनी घरी आणला आणि दाराच्या मागं उभा करून ठेवला. सकाळी अंघोळ करून, विभूती लावून, सदरा-टोपी घालून ते ओट्यावर बसायचे. जायचं मात्र कुठंच नसायचं. आई म्हणायची, "टोपी तरी काढून बसा." ते काढायचे नाहीत.

संक्रांतीच्या सुमाराला थंडी होती. अप्पांनी सदऱ्याच्या आत तो नमुन्याचा 'कावून?' टी-शर्ट घातला होता, गळ्याशी त्याची काळी कड दिसत होती. मी त्यांच्या शेजारी बसून ऑनलाइन दुकानाच्या पानावर टाकायची जाहिरात वाचून दाखवत होते. कप आणि पिशव्या शेवटी एकदाच्या तयार झाल्या होत्या. "तुमच्या प्रेमामुळं आम्ही दुकान वाढवलंय!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "आता आनखीन काय वाढवायचं ऱ्हायलंय?"

"म्हंजे?"

"वाढवलं की दिवाळीला. किल्ली दिली न्हाई का तुला?"

"ते न्हवं अप्पा. हे माझं, मोबाईलमधलं. आता कप बी मिळणार, पिशव्या बी. वाढवलं म्हंजे मोठं केलं."

ते हळू आवाजात म्हणाले, "मंग तवा फोनवर सांगत होतीस, दिवाळीच्या आत दुकान वाढवायचं, अप्पांना झेपायचं न्हाई..."

मला पुढचं ऐकू आलं नाही. तागा पडल्याचा तो आवाज आठवला. चादरी मागायला आलेली बाई आठवली. "ते बी हेच होतं," मी म्हणाले. "अप्पा, ते बी हेच होतं. तुमच्या दुकानाचं मी कधी म्हणाले? मी कधी म्हणीन?"

मी भांडल्यासारखी बोलत होते. उठले, म्हणाले, मालकाकडं जाते, गाळा परत मागते. अप्पांनी माझा हात धरून खाली बसवलं. फळ्या भंगारात गेल्या होत्या, गाळ्यात दुसऱ्याचं पोट भरत होतं.

"पण मला विचारलं का न्हाई तुमी?" मला रडू आवरेना. "एवढ्या-तेवढ्याला 'कावून' विचारता! भाजीवाल्याला विचारता, जीपवाल्याला विचारता. मला एकदा विचारायचं होतं, कावून वाढवायलीस म्हणून!"

अप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "जड गेलं असतं तुला."

नंतर हा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढू दिला नाही. "भवानी झाली का?" मात्र रोज विचारत राहिले, अगदी अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा. पावसाळा लागायच्या आत ते गेले. माती देऊन सगळे परतले तेव्हा दारामागचा गज आडवा पडलेला होता. आईनं तो उचलून परत उभा केला.

ऑनलाइन दुकान चालू आहे. कप जातात, पिशव्या जातात, 'लई झालं'ही चांगला जातो. 'कावून?' तेवढा मी काढून टाकला. परवा एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला. बीडकडचंच पोर असावं, दूर कुठंतरी कामाला असलेलं. लिहिलं होतं, "ताई, तेवढाच तर घ्यायचा होता. कावून काढला?"