देवळात गेलेलं पातेलं

कंडक्टरकाका निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज अजून नोकरीतच आहे. देवळात रोज दुपारी येईल त्याला जेवण असतं. पंगत उठली की काका बाह्या दुमडून मागच्या मोरीत कढयांशी झटापट करायला बसतात. "चला, पुढे सरका! खरकटं आधी डब्यात! देवाचं भांडं आहे, तोंड दिसलं पाहिजे!" कोणी कौतुक केलं, की मान हलवून म्हणतात, "छे छे, आपण कोण? करणारा तो!" तेही गाभाऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं.

घरी मात्र त्यांचा चहाचा कप जिथे रिकामा होतो, तिथेच मुक्काम करतो. काकू उचलतात. "आमच्याकडे देव जेवायला येत नाही ना," एवढंच पुटपुटतात.

अशात काकूंचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, मोरीत भांड्यांचा डोंगर. काका घासणी घेऊन बसले खरे, पण हात हलेना. ना कोणी बघणारं, ना कोणी "वा काका" म्हणणारं. शेवटी त्यांनी शक्कल लढवली. काकूंचा डोळा लागलेला बघून सगळी भांडी पिशव्यांत कोंबली आणि देवळात नेली. तिथे काय, हात सपासप!

इकडे काकू उठल्या. मोरी रिकामी बघून त्यांना भरून आलं. अहोंनी घासली! माझ्यासाठी! खुशीत चहा टाकायला गेल्या, तर पातेलंच नाही. सगळं घर धुंडाळलं, मग डोक्यात प्रकाश पडला. तशाच चपला घालून देवळात पोहोचल्या.

"अहो, ते माझं दुधाचं पातेलं."

काकांनी पातेलं पाठीमागे लपवलं. "इथे माझं-तुझं नसतं गं. सेवा आहे ही."

शेजारी ताटं पुसणारी बाई फिसकन हसली. काकू नाही हसल्या. "मला वाटलं, माझ्यासाठी घासलीत."

काकांनी आवाज गाभाऱ्यापर्यंत जाणार नाही इतका खाली आणला. "घरी हातच चालत नाही गं. बघायला कोणी नसतं."

"मग मी कोण? खुंटी?"

त्या संध्याकाळी काका घरच्या मोरीत बसले. काकू समोर खुर्ची टाकून. काका एकेक ताट दिव्याकडे धरायचे आणि तिरक्या नजरेनं काकूंकडे बघायचे. काकू ढिम्म.

"काय, चमकतंय का?" न राहवून काकांनी विचारलं.

"कडेला साबण राहिलाय."

काका चडफडले, पण ताट पुन्हा विसळलं. काकूंनी पाणी पिऊन पेला त्यांच्या पुढ्यात सरकवला. काकांनी तो घासला आणि दिव्याकडे न धरताच पालथा घातला.