तीन महिन्यांचा कुलगुरू

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिना चढून डावीकडे वळलं की कुलगुरूंची खोली लागते. दारावर पितळेची पाटी, आणि पाटीच्या वरच्या कडेला चिकटवलेला कागदाचा चिटोरा. पाटीवर ‘कुलगुरू’, चिटोऱ्यावर ‘प्रभारी’. पितळ रोज पुसलं जायचं, त्यामुळे चकचकीत होतं. चिटोरा मात्र वर्षा-दीड वर्षाने पिवळा पडायचा, मग स्टेनोबाई नवा टंकून लावायच्या. असे चौदा चिटोरे झाले होते. आतल्या माणसाला सगळं विद्यापीठ ‘प्रभारी’ म्हणूनच ओळखायचं. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या प्राध्यापकांना टेलिफोनची यादी उघडावी लागली असती.

हा माणूस मुळात मातीचा मास्तर. काचेच्या नळीत माती घालायची, पाणी ओतून ढवळायची आणि कोणता थर किती वेळाने खाली बसतो ते घड्याळ लावून पाहायचं, हे त्याने एकवीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. त्यातून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. ढवळणं थांबवलं की बहुतेक गोष्टी आपोआप खाली बसतात. कुलगुरू म्हणूनही त्याने एवढंच ज्ञान वापरलं, आणि ते पुरलं.

तो त्या खुर्चीवर आला त्याची हकिगत अशी. विद्यापीठात दोन इमारती, आणि दोघींचं हाडवैर. टेकडीवर कला शाखा, ती ‘वरची’. पायथ्याशी विज्ञान शाखा, ती ‘खालची’. आधीचे कुलगुरू दोन्हींशी भांडून एका मंगळवारी राजीनामा टेबलावर आपटून गेले. मग कार्यकारी मंडळाची सभा बसली ती साडेपाच तास. वरच्यांचा माणूस खालच्यांना चालेना, खालच्यांचं नाव निघालं की वरचे हसायला लागायचे. मातीचा मास्तर मंडळावर नुकताच आला होता. खिडकीजवळ बसला होता आणि वाऱ्याने उघडणाऱ्या तावदानाची कडी लावायची खटपट करत होता.

“ह्यांना द्या तीन महिने,” कुणीतरी कंटाळून म्हणालं.

त्याच्याविरुद्ध कुणाला काही आठवेना. त्याच्या बाजूने तर मुळीच काही आठवेना. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याची पाठ सभेकडे होती, त्यामुळे लाभ झाल्याचं त्याला कडी लागल्यावर कळलं.

कायमचा कुलगुरू शोधायला समिती नेमली गेली. समितीचा अध्यक्ष वरचा की खालचा, हे ठरवायला उपसमिती. उपसमितीतले दोघे निवृत्त झाले, एक परदेशी गेला, एकाने नोकरी सोडून रोपवाटिका काढली. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. तीन महिन्यांची एकोणीस वर्षं झाली.

या एकोणीस वर्षांत प्रभारींनी जे काही केलं ते एका वाक्याच्या जोरावर. “मी काय, तीन महिन्यांचा पाहुणा. नवे साहेब येतील ते ठरवतील. तोवर तात्पुरतं असं करू या का?” कायमच्या गोष्टीसाठी माणूस जीव द्यायला तयार होतो, तात्पुरत्यासाठी कोण भांडणार? तात्पुरतं म्हणून निकाल चाळीस दिवसांत लागू लागले. तात्पुरतं म्हणून ग्रंथालय रविवारी उघडायला लागलं. कुलगुरूंचा बंगला तात्पुरता मुलींच्या वसतिगृहाला दिला, त्याला सतरा वर्षं झाली. दिवाणखान्यात आता नऊ खाटा आहेत.

दोन इमारतींच्या घंटांचंही तसंच. वरची घंटा खालचीपेक्षा सात मिनिटं पुढे होती आणि दोघांनाही आपलंच घड्याळ बरोबर वाटायचं. खालचा तास संपवून वर पळणाऱ्या मुलांचे हाल व्हायचे. आधीच्या दोन कुलगुरूंनी घड्याळं जुळवायचा प्रयत्न केला आणि तोंड पोळून घेतलं. प्रभारींनी घड्याळांना हात लावला नाही. खालच्यांना म्हणाले, तुमचा तास तुमच्या घंटेच्या सात मिनिटं आधी संपवा. वरच्यांना म्हणाले, तुमचा सात मिनिटं उशिरा सुरू करा. दोघांना वाटलं, दुसऱ्याला नमवलं. मुलांना टेकडी चढायला-उतरायला वेळ मिळाला.

पण म्हणून माणूस संत नव्हता. रसायनशास्त्रातल्या एका बाईंची बढती त्यांनी नऊ वर्षं “नवे साहेब देतील” म्हणत टोलवली. समारंभात पहिल्या रांगेत बसायला ते हमखास नको म्हणायचे, आणि एकदा कुणी खरंच दुसऱ्या रांगेत बसवलं तर पंधरा दिवस त्या विभागाचा एक कागद हलला नाही.

घरी बायको होती, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. नवऱ्याबद्दल तिची मतं हिशेबाला पक्की होती. “तुमच्याइतका टिकाऊ तात्पुरता माणूस मी जन्मात पाहिला नाही,” ती म्हणायची. बंगला हातचा गेला याचा राग तिने दोन वर्षं ठेवला, मग सोडला. हिशेब मात्र विसरली नाही.

आणि मग त्या वर्षी विद्यापीठात अघटित घडलं. वरची आणि खालची इमारत एका गोष्टीवर एकत्र आली. एवढ्या वर्षांच्या सेवेचा गौरव करायचा, तर काय द्यायचं? मानपत्र फुटकळ वाटलं. घड्याळ द्यावं तर कुठल्या वेळेला लावून द्यावं हा प्रश्न. शेवटी वरच्या इमारतीचे प्रमुख, ज्यांना सगळे ‘व्याख्यान’ म्हणायचे, त्यांना सुचलं की या माणसाच्या दारावरचा तो चिटोरा काढावा. त्यांना कायम करावं. खालच्या इमारतीचे प्रमुख, टोपणनाव ‘तराजू’, यांनी आयुष्यात पहिल्यांदा वरच्यांच्या सूचनेला अनुमोदन दिलं. विषय कार्यसूचीत नवव्या क्रमांकावर घातला, आणि प्रभारींना आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून त्यांच्या प्रतीत तो छापलाच नाही.

स्टेनोबाईंनी तो टंकला होता. अठरा वर्षं त्या प्रभारींसमोर बसत होत्या, आणि विद्यापीठाचं नियमपुस्तक वाचलेल्या त्या इमारतीत त्या एकट्याच. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी पुस्तक आणून साहेबांपुढे उघडं ठेवलं.

“नियम अकरा वाचा.”

प्रभारींनी वाचला. कायम कुलगुरूची मुदत पाच वर्षं, फार तर दोनदा. वयाची मर्यादा पासष्ट.

“मी सदुसष्टचा आहे,” ते म्हणाले.

“म्हणून तर आणलं. प्रभारीला मुदत नाही, वय नाही. प्रभारी इतका टिकेल असं नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. उद्या तुम्हाला कायम करतायत, साहेब. कायम केलं की तुम्ही दोन वर्षांपूर्वीच निवृत्त.”

“हे त्यांना माहीत नाही?”

“हे पान आजवर उघडलेलंच नव्हतं. चिकटलेलं होतं, पट्टीने सोडवलं मी.”

“कुलसचिवांना सांगा.”

“त्यांचं वय त्रेपन्न आहे, नियमात बसतं,” बाई म्हणाल्या. “ते ऐकतील, आभार मानतील, आणि पान परत चिकटवतील.”

प्रभारींनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “उद्या मी सरळ नको म्हणेन.”

“ते तर तुम्ही मी नोकरीला लागल्यापासून म्हणताय. त्यांना वाटतं, केवढा विनय.”

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग सांगा ना सभेत, की नियम असा आहे, ठराव करू नका.”

“म्हणजे मला खुर्ची सोडायची नाहीये, असं सांगायचं.”

“सोडायचीय?”

त्यांनी तिच्यापुढची एक जुडी सोडायला घेतली.

“अहो, विचारतेय मी. सोडायचीय का?”

“नाही.”

तिने हातातली भाजी खाली ठेवली. “एवढी वर्षं रोज घरी येऊन म्हणत होतात, कधी सुटतो एकदाचा.”

“ते म्हणायला बरं वाटायचं.”

“ताकाला जाऊन भांडं लपवायची ही सवय लग्नाआधीपासूनची आहे तुमची,” ती म्हणाली. “मला बघायला आलात तेव्हाही सांगत होतात, इकडून चाललो होतो म्हणून डोकावलो.” मग भाजी पुन्हा हातात घेऊन म्हणाली, “उद्या हवं असेल तर मागा. मागितल्याशिवाय मिळालेलं खूप झालं.”

प्रभारींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. अडचण त्यांना स्वच्छ दिसत होती. ज्याला खुर्ची नको आहे त्याचं सगळे ऐकतात. ज्याला हवी आहे तो उमेदवार, आणि उमेदवाराला विद्यापीठात वैरी असतात. त्यांची सगळी सत्ता त्या चिटोऱ्यावर उभी होती. ती वाचवायची तर चिटोरा आपणच दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, हे कबूल करावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला सभा सुरू झाली. आठ विषय अर्ध्या तासात उरकले. मग व्याख्यान उठले आणि त्यांनी वीस मिनिटं घेतली. त्यात हिमालय आला, दीपस्तंभ आला, वटवृक्ष आला. मातीचा उल्लेख करायला मात्र ते विसरले. तराजूंनी दोन वाक्यांत अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी पुष्पगुच्छ टेबलावर सरकवला.

प्रभारी उभे राहिले. “मंडळी, हे नको,” ते म्हणाले.

टाळ्या दुप्पट झाल्या.

“अहो, खरंच नको. नियम अकरा बघा.”

“आज नियम बाजूला, साहेब!” व्याख्यान बसल्या जागेवरून ओरडले. “आज फक्त प्रेम!”

प्रभारींनी पाण्याचा घोट घेतला. टेबलाच्या टोकाला स्टेनोबाई वहीवर पेन्सिल टेकवून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मला ही खुर्ची हवी आहे,” प्रभारी म्हणाले. “आहे तशी. पहिल्या दिवसापासून हवी होती. पाहुणा वगैरे मी उगाच म्हणत आलो. हा ठराव केलात तर मला घरी जावं लागेल, आणि मला घरी जायचं नाहीये.”

आधी तराजूंच्या खांद्यांना हिसका बसला आणि ते, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, खो-खो हसू लागले. त्यामागोमाग सगळी खोली हसली.

“घरी तर रोज साडेपाचला जाता की!” एक जण म्हणाला.

“वहिनींना कळवू का?” दुसरा.

कुलसचिव सर्वांत शेवटी हसले, पण सर्वांत जास्त वेळ. ठराव एकमताने मंजूर झाला. विद्यापीठाच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला तो पहिलाच, आणि चहा येईपर्यंत लोक त्याच कौतुकात होते.

दुपारी तीनला स्टेनोबाई इतिवृत्त घेऊन आल्या. सभेचे अध्यक्ष म्हणून प्रभारींची सही झाली की ठराव पक्का, मग तो कुलपतींकडे जाणार, आणि तिथे बसलेल्यांना नियम अकरा पाठ असतो. त्यांच्या हातात दोन फायली होत्या.

“ही एक,” त्या म्हणाल्या. “झालं तसं. आणि ही दुसरी. हिच्यात नववा विषय पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित.”

“असं काही झालं नाही.”

“इथे इतिवृत्त कोण वाचतं, साहेब? पुढच्या सभेला कुणी विचारलं तर सांगेन, तांत्रिक अडचण आहे. त्याच्यापुढच्या सभेला उपसमिती नेमू. दहा वर्षं सहज निघतील.”

प्रभारींनी दोन्ही फायली समोर ठेवल्या. दुसरी चाळली. नीटनेटकी होती, दीड पानाची.

“मी जे बोललो ते हिच्यात नाही?”

“विषय स्थगित झाला की भाषण कशाला लागतं?”

“आणि पहिल्यात?”

“पान तीन.”

त्यांनी पान तीन काढलं. व्याख्यानांचा हिमालय तीन ओळींत आटोपला होता. खाली लिहिलं होतं: ‘मा. अध्यक्षांनी आपल्याला ही खुर्ची हवी असल्याचे व घरी जायचे नसल्याचे सांगितले. (हशा.)’

“तुम्ही हसत म्हणालात, असं वाटलं त्यांना,” बाई म्हणाल्या.

“मी हसत होतो?”

“नाही. चेहरा तसा आहे हो तुमचा.”

प्रभारींनी पेनाचं टोपण काढलं. पहिल्या फायलीत पान तीनवर ‘हशा’ हा शब्द कंसासकट एका सरळ रेघेने खोडला, पट्टी लावल्यासारखा. मग शेवटचं पान उलटून त्यांनी खाली सही केली आणि फाईल बंद केली.

स्टेनोबाईंनी ती परत उघडली आणि पान तीन त्यांच्यापुढे धरलं.

“खाडाखोड केली की शेजारी सही लागते, साहेब. छोटी केलीत तरी चालेल.”

प्रभारींनी पूर्ण सही केली.