भिंतमामाची डावी बाजू

दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागायचं. पाथर्डीकडची आमची जमीन एका पावसावर जगणारी. बाजरी निघाली की रानात करण्यासारखं काही उरायचं नाही. मग आई-आबा कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे, तव्यापासून कोंबड्यांपर्यंत सगळा संसार ट्रॉलीत भरून. टोळीबरोबर गेलेल्या बहुतेक पोरांची शाळा तिथंच तुटायची. माझी तुटली नाही, कारण मला मामा होता आणि मामाच्या पाठीशी भिंत होती.

भिंत म्हणजे खरोखरची, विटांची. मामा नागापूरच्या एमआयडीसीत वेल्डर आणि सुट्टीच्या दिवशी हातचलाखीचा जादूगार. बारशाला, हळदीला, शाळेच्या गॅदरिंगला नाणी गायब करायचा. पाठीमागून कुणी पाहिलं तर सगळं उघडं पडतं, म्हणून तो कायम भिंत धरून उभा राहायचा. ही सवय अंगात इतकी मुरली की टपरीवर चहासुद्धा तो भिंतीला टेकूनच प्यायचा आणि एसटीत शेवटच्या बाकावर बसायचा. सगळे त्याला भिंतमामा म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

कार्यक्रमाच्या घरी तो सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि मांडवाला एक फेरी मारायचा. जिना कुठं, खिडकी कुठं, पोरं कशावर चढतील, हे बघून ठेवायचा. वरून बघणाऱ्याला थेट तळहातात दिसतं. मग कठड्यावर चढलेल्या पोरांना हाक जायची, "वरून जादू दिसत न्हाई रं, खाली या, लाडू वाटत्यात." लाडू नसायचेच. मला तो सांगायचा, "म्होरं बसल्याला कुनीबी फसवंल. भ्यायचं ते कडंला बसल्याला. लोकं नजरंनं न्हाई फसत, जाग्यानं फसत्यात."

तरी तो एकदा फसलाच. केडगावला एका बारशात त्यानं सवयीनं पाठ मागं टेकवली आणि नाणं गायब केलं. सगळा मांडव खदखदून हसायला लागला. मामाला वाटलं, रंग चढला. त्यानं आणखी एक नाणं घालवलं, तर हसणं आणखी वाढलं. शेवटी पाळण्याशेजारची एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तुज्या मागं तुजा भाऊ हुबा हाय. त्याच्या हातात दिसतंय बघ समदं." मामानं ज्याला पाठ लावली होती ते आरशाचं कपाट होतं. त्या दिवसापासून त्याच्या पिशवीत एक जुनी चादर असायची. आरसा दिसला की आधी चादर.

पण भिंत फक्त मागचं झाकते. मामा नाणं उजव्या तळव्यात दाबून धरायचा आणि हाताची पाठ लोकांकडं ठेवायचा. त्यामुळे डाव्या अंगाला बसलेल्याला तळवा दिसायचा. ती जागा मामीची. मामी तिथं मांडी घालून, पदर पसरून, शेजारी पिशवी ठेवून अशी ऐसपैस बसायची की दुसऱ्याला वाव नको. बहुतेक वेळा मेथी निवडत असायची. टाळी कधी वाजवली नाही.

"समदी टाळ्या वाजवत्यात, तू तेवढी गप," मामा कुरकुरायचा.

"मला समदं दिसतंय, तर टाळी कशाची वाजवू?" मामी म्हणायची. "गप बसते हेच लई हाय."

मी मामाकडं राहून दहावीपर्यंत आले. त्या वर्षी दिवाळीला घरी गेले, तर आईची कंबर धरलेली. उठता-बसता येईना. कारखाना उशिरा सुरू होणार, म्हणून दसऱ्याला निघणारी टोळी दिवाळीपर्यंत थांबलेली. तोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. काम दुप्पट आणि मान निम्मा. मामा मला न्यायला आला त्याच दिवशी टोळी निघणार होती. ट्रॉलीत सामान चढत होतं.

आबा म्हणाले, "पाव्हणं, पोरगी औंदा माझ्यासंगट यील. हिच्या आईच्या जागी."

"दाजी, दहावी हाय तिची."

"मला दिसत न्हाई व्हय? पन कोयता अर्धा पडतोय."

मी माझी पिशवी हातात धरून उभी. तेवढ्यात टोळीतली माणसं जमली, "मामा, जाता जाता जादू दावा की." आबा कडवट हसून म्हणाले, "दाव. कुनी धरली तर पोरगी माझी. न्हाई धरली तर तुझी." लोक हसले, पण आबा थट्टा करत नव्हते.

मामानं ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला पाठ लावली. मामी नागापूरलाच होती. डाव्या अंगाला बाजरीची पोती पडली होती. आबा सरळ जाऊन त्यांवर बसले. मामीच्या जागी. मामाचा चेहरा उतरलेला मला दिसला. तरी तो फिरला नाही. नाणं दाखवलं, फुंकर मारली, मूठ उघडली. नाणं नाही. मी आबांकडं बघत होते आणि आबा मामाच्या उजव्या तळव्याकडं.

"काय आबा, धरली का?" टोळीतल्या कुणीतरी विचारलं.

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "न्हाई गड्या," ते म्हणाले. "लई सफाई हाय हातात."

ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा ते माझ्याकडं वाकून हळूच बोलले, "मामाला म्हनावं, डावी बाजू उघडी पडती. मामीशिवाय खेळ करत जाऊ नगं." त्या हंगामात माझा बाप अर्धा कोयता म्हणून गेला.

परतीच्या एसटीत, शेवटच्या बाकावर, मी मामाला निरोप सांगितला. "ते बसले तवाच मला कळलं हुतं," तो म्हणाला.

"मग तोंड फिरवायचं ना."

"बाप हाय तुझा," मामा म्हणाला. "म्हनलं, बघू द्यावं."

पुढं मोबाईल आले. पोरं चारी बाजूंनी शूटिंग करायला लागली, हळू करून बघायला लागली. "मोबाईलला कुठली भिंत लावू?" म्हणत मामानं खेळ बंद केला. गेल्या पावसाळ्यात तो दवाखान्यात होता. वॉर्डात मधोमध खाट. त्याला ते अजिबात सोसेना, "चहूकडनं उघडा पडलोय." मामीनं स्टूल ओढलं आणि त्याच्या डाव्या अंगाला बसली. त्यानंतर तो शांत झोपला. तिसऱ्या दिवशी गेला.

माझा कॉलेजचा शेवटचा निकाल मात्र त्यानं पाहिला होता. आबाही त्या दिवशी आले होते. फोटो काढताना मामानं कॉलेजची भिंत शोधली, मला आपल्या उजव्या हाताला उभं केलं, आणि आबा कुणी न सांगता त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मी बी.कॉम. झाले. आईकडच्या आणि आबांकडच्या, दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली.