भिंतीवरून आलेलं पाणी

उन्हानं तापलेल्या रबरी पाइपाचा वास आला, की मी अजूनही सोलापुरातल्या त्या दुपारी जाऊन पोचतो. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. घरोघरी नळाला मोटार लावलेली, सगळ्या गल्लीत एकच मंद घरघर. नळाला अशी मोटार लावणं बेकायदा, म्हणून मी आमच्या घरी ती लावू दिली नव्हती. आमचा नळ नुसते सुस्कारे टाकत होता. बायको रिकाम्या घागरीपाशी बसून होती.

तेवढ्यात शेजारच्या रझियाखालांनी त्यांच्या मोटारीचा पाइप भिंतीवरून आमच्या हौदात सोडला.

"खाला, हे बेकायदा आहे," मी म्हणालो.

"मोटार माझी, गुन्हा बी माझा," त्या हसल्या. "तुमी निवांत आंघोळ करा की."

मी पाइप काढला नाही. आत जाऊन डोळे मिटून पडलो. हौद भरत जाण्याचा तो गार, खोल आवाज कानात झिरपत राहिला.

तेव्हा वाटलं होतं, आपण नियम पाळला. खरं तर तो पाळण्याचा त्रास मी बायकोवर टाकला होता, मोडण्याचा दोष खालांवर, आणि मधे मी गाढ झोपलो होतो.